प्रश्न सातवा

इंग्रजीत तो फॉर्म एकच पान होता.
रास्ता पेठेतल्या इस्पितळात, फिजिओथेरपीच्या खोलीत
डॉ. शेवडे म्हणाल्या, चाकणच्या कारखान्यांतले चिनी इंजिनिअर येतात,
खांदा धरून बसतात,
आम्ही विचारतो काय, ते सांगतात काय.
तुम्ही चिनी शिकवता ना? मग करा एवढं.
दोन दिवसांचं काम.

चार महिने झाले.

'गॅलनभर दूध डोक्यावरच्या फळीवर ठेवता येतं का?'
गॅलन गेला, दूध गेलं, पाच किलो तांदूळ आले.
सॉफ्टबॉल फेकायचा प्रश्न अर्धी दुपार खाऊन
शेवटी खिडकी पुसण्यावर मिटला.
फ्रोझन शोल्डरला ते म्हणतात पन्नाशीचा खांदा.
मी सत्तेचाळीसची. पेन खाली ठेवलं.

सातवा मात्र हटेना.
इंग्रजीत नुसतं: दुखतं का? शून्य ते दहा.
चिनीत दुखण्याच्या अलीकडे एक शब्द राहतो, सुआन.
लिंबू सुआन, व्हिनेगर सुआन,
दिवसभर राबलेला खांदाही सुआन.
मी तो घातला.
नियमाप्रमाणे दुसऱ्याने ते उलट फिरवायचं, मूळ न बघता.
निगडीच्या हेरंब पानसेने इमानेइतबारे लिहून पाठवलं:
'आपला खांदा आंबट आहे काय?'
समितीत हशा पिकला, कुणाचा तरी चहा सांडला.
मी हसता हसता थांबले,
कारण आई गव्हाचं पोतं निवडून उठताना
भिंतीला हात टेकून म्हणायची ते हेच:
अंग आंबलं गं.
पीठ आंबतं, ताक आंबतं, माणूस आंबतो.
इंग्रजीला ठाऊक नसलेलं हे
दोन भाषांना ठाऊक होतं,
मधे अख्खा हिमालय असून.

'शब्द काढा,' डॉ. शेवडे म्हणाल्या, 'आंबट मोजता येत नाही.'
आधी कुणाला तरी विचारू, मी म्हटलं.

म्हणून कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटच्या आतल्या गल्लीत, न्युक लान चुंग.
पार्लरच्या पाटीवर नुसतं 'लिली'.
वय एकाहत्तर. त्यातली त्रेपन्न वर्षं हात वर.
फॉर्म तिने उलटा धरला, मग सुलटा, मग परत दिला.
अक्षर येत नाही, म्हणाली.
बासष्ट साली बापाने घरातली सगळी पुस्तकं बंबात घातली.
पाणी कडक तापलं होतं त्या दिवशी.
मी वाचून दाखवलं. माझं चिनी बीजिंगच्या वळणाचं, तिची बोली हक्का.
तिने मान हलवली,
रेडिओवर संस्कृत बातम्या लागल्या की आपण हलवतो तशी.
मग दोघी मराठीत आलो.

केस विंचरता येतात का?
'माझे, का गिऱ्हाइकाचे?'
त्याला फॉर्मवर चौकट नव्हती.

खांदा आंबतो का?
ती थांबली. डाव्या हाताने उजवा खांदा चाचपला,
अढीतला आंबा चाचपावा तसा.
'सोन,' म्हणाली. 'आमच्यात सोन. हां, आंबतो.
तीन वाजेपर्यंत आंबतो. नंतर दुखतो.'
तीन वाजेपर्यंत. मी समासात लिहून घेतलं.

नियम क्रमांक चार: वाचता न येणारे रुग्ण वगळावेत.
तिचा कागद वगळला जाणार, हे मला तिथेच कळलं होतं.
बोलले नाही.

निघाले तर म्हणाली, बस, टोकं फाटलीत.
मानेभोवती कापड, पाण्याचा फवारा, कात्री.
तिचा हात माझ्या कानापर्यंत आला
आणि अडला. तिथेच जरा थरथरला.
अडल्यावर काय करता, हे तीस प्रश्नांत
कुणीच विचारलेलं नव्हतं.
तिने पायाने खुर्चीचा पंप दाबला
आणि मी आरशात हळूहळू खाली गेले,
तिच्या हाताला लागेन इतकी.